विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा इतिहास सांगणारी फाईल : बाणेरमधील एका सेवेचे परीक्षण

अमेरिकेतील विद्यापीठाच्या फुटबॉल संघात मुलाला प्रवेश मिळावा म्हणून मार्गदर्शन करणाऱ्या सेवा पुण्यात आता नव्या राहिलेल्या नाहीत. बाणेर, औंध, कोरेगाव पार्क या भागांत परदेशी शिक्षणाच्या समुपदेशन केंद्रांच्या पाट्या पूर्वीपासून होत्याच. त्यांतल्या काहींनी आता खेळाडूंसाठी स्वतंत्र विभाग उघडले आहेत. मुलाच्या खेळाचा व्हिडिओ तयार करणे, प्रशिक्षकांना ई-मेल पाठवणे, एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पात्रता केंद्राकडे कागदपत्रे सादर करणे ही कामे बहुतेक केंद्रे सारख्याच पद्धतीने करतात आणि त्यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नसते. आम्ही ज्या केंद्राची सेवा घेतली त्याचे वेगळेपण एका गोष्टीत आहे : पालकांनी निवडलेल्या विद्यापीठाच्या पुरुष फुटबॉल संघाचा इतिहास सांगणारी एक फाईल हे केंद्र वेगळे शुल्क घेऊन तयार करून देते. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण ही सेवा नवी आहे, ती चालवणारी मंडळी तरुण आहेत आणि फाईलच्या पुढच्या आवृत्तीत दोष दूर होण्यास पुष्कळ वाव आहे.

आम्ही मागवलेली फाईल इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन येथील संघाची, म्हणजे ‘हूजियर्स’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाची होती. तिचे शुल्क ३,५०० रुपये होते आणि मुख्य मार्गदर्शनाच्या शुल्कात ते धरलेले नव्हते. स्पायरल बाइंडिंग, गुळगुळीत जाड कागद, रंगीत छपाई आणि शेवटी चार पानांचा मराठी सारांश असे तिचे रूप आहे. हा मराठी सारांश मला विशेष आवडला. घरातल्या निर्णयात आजी-आजोबांचे मत घेतले जाते, पैशांचा काही भार तेही उचलतात, आणि नातू नेमका कुठे जाऊ पाहतो आहे हे त्यांना स्वतःच्या भाषेत वाचता यावे हा विचार कोणीतरी केला, ही दाद देण्याजोगी गोष्ट आहे. सारांशाची भाषा मात्र घाईत उतरवलेली आहे आणि प्रशिक्षकांची नावे दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिली आहेत.

मुखपृष्ठापासूनच एक अडचण सुरू होते. त्यावर छापलेले भव्य मैदान हे इंडियानाचे मेमोरियल स्टेडियम आहे, आणि तेथे अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडूचा खेळ, खेळला जातो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाचे विद्यापीठातील घर म्हणजे बिल आर्मस्ट्राँग स्टेडियम. ते १९८१ मध्ये सुरू झाले आणि ‘लिटल ५००’ ही विद्यार्थ्यांची सायकल शर्यतही तेथेच होते. हजारो प्रेक्षकांच्या गर्दीत बुडालेले मेमोरियल स्टेडियम पाहून मुलाचे डोळे विस्फारतात. पण तो तेथे कधीही खेळणार नसतो. ज्या सेवेचा सगळा भर नेमकी माहिती पुरवण्यावर आहे, तिने मुखपृष्ठाचे छायाचित्र तरी योग्य खेळाचे निवडायला हवे होते.

संघाचा इतिहास पालकांनी कशासाठी वाचायचा, हा प्रश्न मला केंद्रात जाण्यापूर्वी पडला होता. त्याचे उत्तर फाईलने दिले नाही, पण फाईल वाचताना ते हळूहळू सापडत गेले. आपल्याकडे विद्यापीठाचा संघ ही वस्तू मुळातच निराळी असते. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाच्या अखत्यारीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतील शेकडो महाविद्यालये येतात. महाविद्यालयांचे संघ आधी आपापल्या विभागात खेळतात, मग आंतरविभागीय स्पर्धा होते, त्यातून निवड चाचणीला मुले बोलावली जातात, थोडे दिवस सराव शिबिर भरते आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यापीठाचा संघ रवाना होतो. स्पर्धा संपली की तो संघही संपतो. पुढच्या वर्षी नवी निवड, बहुधा नवे व्यवस्थापक, आणि जर्सीवरचे नाव सोडले तर जुन्या संघाशी नाते सांगणारे थोडेच. महाविद्यालयाच्या जिमखान्यात ढाली असतात, भिंतीवर धूसर झालेले गट-फोटो असतात, परंतु विद्यापीठाच्या संघाचा सलग इतिहास म्हणावा असे काही आपल्या पालकांच्या परिचयाचे नसते.

अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. तेथील विद्यापीठाचा संघ एकाच परिसरातील विद्यार्थ्यांचा असतो, त्याला पूर्णवेळ पगारी प्रशिक्षक असतो, स्वतःचे मैदान असते, ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालणारा हंगाम असतो, आणि वर्षानुवर्षे तोच प्रशिक्षक तीच पद्धत राबवत राहतो. त्यामुळे अशा संघाचा इतिहास हा पालकांसाठी शोभेचा भाग नसून तेथे मुलाला खेळायला मिळेल का, हे अजमावण्याचे सर्वांत भरवशाचे साधन असते. फाईलच्या कर्त्यांना हे पुरते उमगलेले नाही असे माझे मत झाले. त्यांनी इतिहास म्हणून चषकांची यादी दिली आहे. यादी बरोबर आहे, देखणी आहे, परंतु ती वाचून पालकाला निर्णय घेता येत नाही.

यादी थोडक्यात अशी. एनसीएएची पुरुष फुटबॉल स्पर्धा १९५९ पासून होते. इंडियानाने ती १९८२, १९८३, १९८८, १९९८, १९९९, २००३, २००४ आणि २०१२ अशी आठ वेळा जिंकली. त्याखेरीज १९७६, १९७८, १९८०, १९८४, १९९४, २००१, २०१७, २०२० आणि २०२२ या हंगामांत हा संघ अंतिम सामन्यात हरला. सतरा अंतिम सामन्यांपैकी नऊ हरलेले आहेत, ही गोष्ट फाईलमध्ये कोठेही स्पष्ट लिहिलेली नाही. आठ सोनेरी चषकांची चित्रे पानभर दिली आहेत आणि पराभव बारीक अक्षरांत मागच्या पानावर ढकलले आहेत. वास्तविक पराभवांची यादीच जास्त बोलकी आहे. पाच दशकांच्या प्रत्येक टप्प्यावर हा संघ अंतिम फेरीच्या आसपास असतो, हे तिच्यातून कळते. केवळ विजयांची वर्षे पाहिली, तर २०१२ नंतर संघ ओसरला असा चुकीचा ग्रह होईल. १९८७ पासून २०२४ पर्यंत एकाही वर्षी खंड न पडता हा संघ मुख्य स्पर्धेसाठी पात्र ठरला, आणि माझ्या दृष्टीने ही बाब एखाद-दुसऱ्या चषकापेक्षा अधिक मोलाची आहे.

फाईलचा सर्वांत चांगला भाग संघाच्या सुरुवातीच्या दिवसांवरचा आहे आणि त्यासाठी कर्त्यांचे मोकळ्या मनाने कौतुक केले पाहिजे. संघाचे प्रशिक्षक जेरी येगली हे १९६३ मध्ये ब्लूमिंग्टनला आले तेव्हा विद्यापीठात फुटबॉल हा केवळ विद्यार्थ्यांचा क्लब होता. क्रीडा विभागाची अधिकृत मान्यता नव्हती आणि तिच्यासोबत येणारा पैसाही नव्हता. स्वतः येगली १९६१ मध्ये वेस्ट चेस्टर या छोट्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय विजेत्या संघातून खेळलेले होते, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचे महाविद्यालयीन फुटबॉल कसे असते ते त्यांनी पाहिलेले होते. तरीही क्लबला विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा मिळायला १९७३ साल उजाडावे लागले. बास्केटबॉलच्या वेडासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या राज्यात एका नव्या खेळासाठी दहा वर्षे पाठपुरावा करत राहणे ही सोपी गोष्ट नव्हती. हा भाग लिहिताना फाईलची भाषा एकदम सुधारते, वाक्ये सावकाश होतात, आणि लिहिणाऱ्याने येथे स्वतः काही वाचून, समजून घेतले आहे याची खात्री पटते. आपल्याकडे महाविद्यालयात स्वतःच्या खिशातून चेंडू आणून मुलांना खेळवणारे जिमखान्याचे शिक्षक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही पाने फार जवळची वाटतील.

अधिकृत दर्जा मिळाल्यानंतर चौथ्याच हंगामात, १९७६ मध्ये, संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने त्यांना एका गोलने हरवले. १९७८ आणि १९८० च्या अंतिम सामन्यांतही प्रतिस्पर्धी तोच आणि पदरी पराभवच. या तिन्ही पराभवांना फाईलने एक ओळ दिली आहे. १९७८ चे सॅन फ्रान्सिस्कोचे विजेतेपद एनसीएएने पुढे रद्द केले, हे तिच्यात नाही, आणि रद्द झालेले ते विजेतेपद उपविजेत्या इंडियानालाही देण्यात आले नाही, हेही नाही. परदेशी विद्यार्थ्याच्या पालकासाठी विजेतेपद रद्द होण्याची प्रकरणे ही निव्वळ कुतूहलाची बाब नसते. त्याकडे पुढे वळतो.

१९८२ च्या पहिल्या विजयाचे वर्णन मात्र मनापासून केलेले आहे आणि ते तसेच हवे होते. ड्यूक विद्यापीठाविरुद्धचा तो सामना नव्वद मिनिटांत १-१ असा बरोबरीत सुटला आणि त्यानंतर जादा वेळेचे एकामागून एक आठ डाव खेळले गेले. अखेर ग्रेग थॉम्प्सन या बचावपटूने फ्री किकवर गोल करून सामना संपवला; आधीचा गोलही त्याचाच होता. आजच्या मुलांना टायब्रेकरची सवय असल्यामुळे जवळजवळ दोन सामन्यांइतका वेळ एकच सामना चालला, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. माझ्या मुलाने ते पान पुन्हा पुन्हा वाचले. त्याच्या पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाला हरवून इंडियानाने चषक राखला.

१९८८ च्या अंतिम सामन्याची नोंद फाईलमध्ये इतकीच आहे : ‘हॉवर्ड विद्यापीठावर १-० ने विजय, ठिकाण ब्लूमिंग्टन.’ येथे लिहिणाऱ्याच्या हातून एक मोठी संधी निसटली आहे. वॉशिंग्टन शहरातील हॉवर्ड हे ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ. त्रिनिदादचे लिंकन फिलिप्स यांच्या मार्गदर्शनाखाली, कॅरिबियन बेटांतून आणि आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बळावर या संघाने १९७१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. एनसीएएने खेळाडूंच्या पात्रतेचे प्रश्न उपस्थित करून ते काढून घेतले. विद्यापीठ न्यायालयात गेले. परदेशी विद्यार्थ्यांना वेगळ्या मापाने मोजणारा नियम न्यायालयात टिकला नाही, परंतु इतर कारणांवरून झालेली कारवाई कायम राहिली आणि १९७१ चे विजेतेपद आजही नोंदींत रद्द असेच आहे. हॉवर्डने १९७४ मध्ये एकही सामना न गमावता पुन्हा विजेतेपद मिळवले, आणि अंतिम सामन्यात त्या काळातील सर्वांत बलाढ्य अशा सेंट लुईस विद्यापीठाला त्यांच्याच शहरात हरवले.

हा इतिहास इंडियानाच्या फाईलमध्ये कशासाठी, असे कोणी विचारेल. पुण्यातून जाणारा मुलगा हा तेथील नियमांच्या दृष्टीने परदेशी विद्यार्थीच असतो, आणि त्याने येथे कोणत्या क्लबकडून, कोणत्या करारावर, शाळा संपल्यावर किती काळ सामने खेळले याची छाननी होते. ती छाननी कोठून आली, चुकीची किंवा अर्धवट माहिती भरली तर एका खेळाडूसोबत सगळ्या संघाला त्याची कशी झळ बसू शकते, हे हॉवर्डच्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उदाहरणांतून दोन परिच्छेदांत समजावता आले असते. याच केंद्राचे कर्मचारी पात्रतेचे अर्ज भरून देतात आणि पालकांना प्रत्येक कागद जपून ठेवायला सांगतात. त्यामागचे कारण त्यांच्याच फाईलमध्ये असायला हवे होते.

तुलनेसाठी केंद्राने सेंट लुईस विद्यापीठाच्या फाईलची नमुना-पाने दाखवली. त्यांत ‘सर्वाधिक विजेतेपदे : १०’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे आणि ते खरे आहे. या दहांपैकी १९६७ चे विजेतेपद मिशिगन स्टेटसोबत वाटून घेतलेले आहे, कारण खराब हवामानामुळे अंतिम सामना अर्धवट सोडावा लागला होता. मुख्य मुद्दा असा की ही सर्व विजेतेपदे १९५९ ते १९७३ या काळातली आहेत. त्यानंतर अर्धशतक उलटून गेले, तरी अकरावे आलेले नाही. त्या काळात सेंट लुईस शहरात चर्चच्या परगण्यांच्या लीगमधून तयार झालेली स्थानिक मुले त्या विद्यापीठात जात आणि इतर ठिकाणी फुटबॉल अजून रुजायचे होते. पुढे व्हर्जिनिया, यूसीएलए, मेरीलँड, क्लेम्सन, स्टॅनफर्ड असे संघ उभे राहिले, आणि आता तर मार्शल, सिराक्यूज, व्हरमाँट ही नावे विजेत्यांच्या यादीत आली आहेत. २०२४ मध्ये व्हरमाँटसाठी जादा वेळेत निर्णायक गोल करणारा खेळाडू जर्मनीहून आलेला होता. विजेतेपदांच्या संख्येवरून विद्यापीठांची क्रमवारी लावणारा तक्ता या फाईलमध्ये आहे. तो पालकांना पन्नास वर्षांपूर्वीच्या संघाकडे पाठवू शकतो, आणि म्हणून मी तो पूर्णपणे काढून टाकण्याची सूचना केली आहे.

येगली यांच्या कारकिर्दीची आकडेवारी फाईलमध्ये नीट मांडली आहे. १९७३ ते २००३ या काळात ५४४ विजय आणि सहा विजेतेपदे. निवृत्ती आधीच जाहीर केलेल्या शेवटच्या हंगामाचा शेवटही अंतिम सामन्यात सेंट जॉन्स विद्यापीठाला २-१ ने हरवून. त्यानंतर माइक फ्रायटॅग यांनी पहिल्याच वर्षी, २००४ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संघाविरुद्ध टायब्रेकरवर चषक जिंकला. फाईल येथून थेट २०१२ वर उडी मारते. मधल्या सात हंगामांबद्दल एकही वाक्य नाही. मला मात्र नेमकी ती वर्षे हवी होती. चषक जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाची २००९ नंतर गच्छंती होते आणि त्यांच्या जागी जेरी येगली यांचेच चिरंजीव टॉड येगली येतात, तेव्हा आधीच्या प्रशिक्षकाने आणलेल्या मुलांचे काय होते? नवा प्रशिक्षक त्यांना ठेवतो, बाकावर बसवतो, की ती दुसरीकडे जातात? मुलाला बोलावणारा प्रशिक्षक त्याच्या चारही वर्षांत तेथे राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही, त्यामुळे बदलाच्या काळात एखादा संघ कसा वागला हे पाहणे हाच पालकाच्या हातातला उपाय आहे. टॉड येगली स्वतः १९९४ च्या अंतिम सामन्यात हरलेल्या इंडियानाच्या संघातून वडिलांच्या हाताखाली खेळले होते, पुढे कोलंबस क्रू या व्यावसायिक क्लबकडून खेळले, आणि २०१० पासून हा संघ सांभाळत आहेत. पित्यापासून पुत्रापर्यंत आलेली ही परंपरा म्हणजे स्थैर्याची मोठी खूण आहे. फाईलमध्ये तिचा उल्लेख ‘एक रंजक योगायोग’ असा झाला आहे, तो पोरकट वाटतो.

खेळाडूंवरील पाने वाचनीय आहेत. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हर्मन ट्रॉफी अँजेलो डिबर्नार्डो, अर्मांडो बेटानकोर्ट, केन स्नो, ब्रायन मेसनव्ह, डॅनी ओ’रुर्क आणि २०१८ मध्ये अँड्र्यू गुटमन यांच्यामुळे ब्लूमिंग्टनला आली. केन स्नोने ती दोनदा मिळवली. बेटानकोर्ट होंडुरासचा. १९८१ मध्ये त्याला हा सन्मान मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो होंडुरासच्या विश्वचषक संघातून स्पेनमध्ये खेळला. परदेशातून आलेल्या मुलासाठी या संघात जागा कधीपासून आहे, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि फाईलने त्याला पूर्ण पान दिले आहे हे योग्यच झाले.

माझा मुलगा गोलरक्षक आहे, म्हणून आम्ही आगाऊ कळवले होते की गोलरक्षकांची माहिती स्वतंत्र द्यावी. तसे झाले नाही. संघात इतर जागांवर अदलाबदल होत असते, प्रशिक्षक एका सामन्यात पंधरा-सोळा मुलांना खेळवू शकतो, परंतु गोलरक्षक एकच खेळतो आणि दुखापत झाली नाही तर हंगामभर तोच राहतो. इंडियानाचा इतिहास या बाबतीत समृद्ध आहे. येथे शिकलेला युर्गन सोमर पुढे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला अमेरिकी गोलरक्षक ठरला. २०१७ च्या अंतिम सामन्यापर्यंत अपराजित राहिलेल्या संघाचा गोलरक्षक ट्रे मूस तेव्हा पहिल्या वर्षाला होता आणि दोन हंगामांनंतर तो व्यावसायिक फुटबॉलकडे वळला. त्यानंतरचा रोमन सेलेंटानो २०२२ च्या मेजर लीग सॉकर या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत दुसऱ्या क्रमांकाने निवडला गेला. कोण गोलरक्षक कोणत्या वर्षी आला, किती काळ थांबला आणि जागा कधी मोकळी झाली याचा साधा आलेख काढला असता तर आमचे निम्मे प्रश्न सुटले असते. ही माहिती जुन्या हंगामांच्या खेळाडू-याद्यांमधून मिळते. त्या याद्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने इंटरनेटवर खुल्या ठेवल्या आहेत, आणि शेवटी मी व मुलाने बसून तो आलेख घरीच तयार केला. ज्या कामासाठी पैसे मोजले ते काम ग्राहकाने करावे लागणे हा या सेवेचा सर्वांत ठळक दोष आहे.

शिष्यवृत्तीवरचे पान जुने झालेले आहे आणि ते तातडीने बदलले पाहिजे. त्यावर लिहिले आहे की डिव्हिजन वन, म्हणजे एनसीएएच्या सर्वोच्च श्रेणीतील पुरुष फुटबॉल संघाला जास्तीत जास्त ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटता येते. ही मर्यादा अनेक वर्षे होती हे खरे. तिच्यामुळेच बहुतेक मुलांना शिष्यवृत्तीचा तुकडाच मिळत असे, आणि पूर्ण शुल्क माफ होईल ही आपल्याकडची समजूत चुकीची होती. पण जून २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, त्या तडजोडीत सहभागी झालेल्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची ती मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघातील खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. पुरुष फुटबॉलसाठी ती २८ आहे. याचा अर्थ पैसा वाढेलच असे नाही, मात्र शिष्यवृत्तीशिवाय संघात जागा मिळवून पुढे नाव काढण्याची जी वाट पूर्वी होती ती अरुंद झाली. तीन-चार गोलरक्षक बाळगणारे संघ आता हात आखडता घेतील, आणि इतिहासातील अशा उदाहरणांवर विसंबून आशा धरणे धोक्याचे ठरेल. हे पान न बदलता फाईल विकणे केंद्राला शोभत नाही.

समुपदेशक तरुणी मात्र अभ्यासू आणि सौजन्यशील निघाली. माझी टिपणे पाहून तिने वाद घातला नाही. ‘काका, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं, मी लिहून घेते,’ असे म्हणून तिने खरोखरच एक-एक मुद्दा उतरवून घेतला. टेक्सासमध्ये आमचे नातेवाईक असल्यामुळे ऑस्टिनच्या विद्यापीठाची फाईल मिळेल का, असे मी विचारले, तेव्हा तेथे पुरुषांच्या फुटबॉलचा अधिकृत संघच नाही, केवळ विद्यार्थ्यांचा क्लब आहे, हे तिने क्षणात सांगितले. मुलींचा संघ आहे आणि मुलांचा नाही अशी स्थिती अमेरिकेतील अनेक मोठ्या विद्यापीठांत आहे. स्त्री-पुरुषांना शिक्षणात व खेळात समान संधी देणाऱ्या १९७२ च्या कायद्यानंतर आणि अमेरिकन फुटबॉलवरील प्रचंड खर्चाचा ताळमेळ घालताना तेथे पुरुषांच्या इतर खेळांना कात्री लागत गेली, हेही तिने नीट समजावले. ज्यांना इतके ठाऊक आहे त्यांनी ते फाईलमध्ये का उतरवू नये, असा प्रश्न मला पडला. बहुधा फाईल बनवणारे आणि पालकांशी बोलणारे लोक वेगळे असावेत, आणि दोघांची गाठ फारशी पडत नसावी.

३,५०० रुपयांना ही फाईल घ्यावी का, याचे माझे उत्तर सशर्त आहे. ज्यांना अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलची काहीच ओळख नाही आणि ज्यांच्या घरात मराठी सारांश वाचणारे वडीलधारे आहेत, त्यांना तिचा पहिला अर्धा भाग उपयोगी पडेल. क्लबच्या दहा वर्षांवरील पाने तर कोणालाही आवडतील. ज्यांना मुलगा प्रत्यक्ष खेळेल का हे ठरवायचे आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : मुलाच्या जागेवर गेल्या आठ-दहा हंगामांत कोण खेळले याचा तक्ता, प्रशिक्षक बदलले तेव्हा संघात राहिलेल्या व गेलेल्या खेळाडूंची नोंद, आणि शिष्यवृत्तीच्या नव्या नियमांचे पान. केंद्राने आम्हाला सुधारित फाईल विनामूल्य देण्याचे कबूल केले आहे आणि तिच्यात गोलरक्षकांचा आलेख असेल असेही सांगितले आहे; आम्ही घरी केलेला आलेख त्यांनी मागितला, तो मुलाने त्यांना दिला. मुखपृष्ठावर आता आर्मस्ट्राँग स्टेडियमचे छायाचित्र येणार आहे.